टायमिंग बेल्टचं काम काढलंय तर सोबत काय काय बदलायचं? एका कॅम्पर व्हॅनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे माझ्या मावसभावाच्या व्हॅनचं प्रकरण आहे. दादा आणि वहिनी गेली बारा-तेरा वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागात राहतात, मी पण तिथून तासाभराच्या अंतरावर. नावं देत नाही, गॅरेजची पण देत नाही, त्याची गरज नाही. मी आधी पिंपरी-चिंचवडला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत शॉपफ्लोअरवर ९ वर्षं काढली त्यामुळे घरातल्या कोणाच्याही गाडीला काही झालं की पहिला फोन मला येतो.

गाडी म्हणजे २००७ ची फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी५, लाँग व्हीलबेस, १.९ टीडीआय डिझेल इंजिन. मूळची मालवाहू व्हॅन, आधीच्या मालकाने तिचा कॅम्पर केला, वर उचलणारं छत, आत बेड, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, दुसरी बॅटरी वगैरे. दादाने २०२१ मधे घेतली तेव्हा १,०४,००० मैल झाले होते. मार्च २०२४ मधे, म्हणजे हे सगळं सुरू झालं तेव्हा १,१८,०००.

कागदपत्रांमधे २०१६ चं एक बिल होतं, ८१,००० मैलांवर, त्यावर एकच ओळ "टायमिंग बेल्ट किट बदललं". टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. दादाचं म्हणणं, बेल्ट बदलून फक्त ३७,००० मैल झालेत, अजून भरपूर आयुष्य आहे. कॅम्परवाल्यांची इथेच गफलत होते. गाडी वर्षात चार-पाच हजार मैल चालते, बाकी दिवस दारात उभी असते, त्यामुळे मैलांचा आकडा बघून वाटतं सगळं नवं आहे. पण बेल्ट रबराचा आहे, तो ज्या रोलरवरून फिरतो त्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं सील यांना गाडी उभी आहे की पळतेय याने फार फरक पडत नाही, वर्षं मोजली जातातच. ८ वर्षं झाली होती.

अडचण काय होती

सुरुवात बेल्टपासून झालीच नाही. वहिनीला सवय आहे, दर रविवारी बॉनेट उघडून ऑइल आणि कूलंट बघते आणि घरखर्चाच्या डायरीतच तारीख टाकून लिहून ठेवते. जानेवारी ते मार्च मधे तिने दोनदा कूलंट टाकलं होतं, दोन्ही वेळा साधारण अर्धा लिटरच्या आत. खाली जमिनीवर डाग नाही, आत हीटर व्यवस्थित, एक्झॉस्टमधून पांढरा धूर नाही. तिने मला फोन करून विचारलं, "भावजी, पाणी कमी होतंय पण गळताना कुठेच दिसत नाही, असं कसं होईल?"

मी गेलो, टॉर्च घेऊन बघितलं, टायमिंग बेल्टच्या खालच्या कव्हरच्या कडेला गुलाबी रंगाची सुकलेली पावडर जमली होती. ह्या गाडीत गुलाबी-जांभळ्या जातीचं कूलंट असतं, ते थेंब थेंब पाझरून गरम इंजिनावर सुकतं आणि मागे अशी खरपुडी राहते म्हणून जमिनीवर डाग पडत नाही. जागा बघून माझा संशय सरळ वॉटर पंपावर गेला.

आता हे गंभीर का, तर ह्या १.९ इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. पंपाचं बेअरिंग गेलं आणि तो अडकला तर बेल्टचे दात निसटतात किंवा बेल्ट तुटतो, आणि ह्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, टायमिंग सुटलं की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधीकधी इंजिनच बदलावं लागतं. एवढ्याशा पंपापायी इंजिन जातं.

आणि वेळ पण तशीच होती. मे महिन्यात वहिनीचे आई-बाबा साताऱ्याहून येणार होते आणि त्यांना घेऊन स्कॉटलंडचा नॉर्थ कोस्ट ५०० करायचा बेत ठरला होता, इनव्हरनेसहून निघून वरचा सगळा किनारा फिरून परत इनव्हरनेस, ५१६ मैल. तिकडे वरच्या भागात मैलोनमैल एकेरी रस्ता, फोनला रेंज नाही. सत्तरीची दोन माणसं गाडीत असताना डरनेसच्या जवळपास इंजिन बंद पडलं तर गाडी पण गेली आणि रात्रीचा निवारा पण गेला, कारण कॅम्परमधे दोन्ही एकच असतं.

आधी एक गोंधळ निस्तरला

दादाच्या एका मित्राने सांगितलं की टी५ ला बेल्ट नसतोच, गिअर असतात, उगीच पैसे घालू नकोस. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या टी५ मधे २.५ लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्यात खरंच गिअरने टायमिंग चालतं, बेल्ट नाही. पण दादाची १.९. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर १८९६ सीसी लिहिलेलं होतं, तेवढं बघून विषय संपला. सांगायचं कारण हे की एकाच गाडीच्या एकाच मॉडेलमधे इंजिनाप्रमाणे सगळं गणित बदलतं, तेव्हा दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवायच्या आधी इंजिन तेच आहे का एवढं तरी बघावं.

कोणते पर्याय होते

दादाच्या डोक्यात पहिला विचार होता की ट्रिप करून येऊ, मग बघू. कूलंटचा कॅन सोबत ठेवू. मी आणि वहिनी दोघांनी ह्याला साफ नकार दिला. पाझरणारा पंप किती दिवस काढेल हे कोणी सांगू शकत नाही, वर्षभर पण चालेल आणि पुढच्या आठवड्यात पण जाम होईल.

दुसरा, घरी करायचं. ईस्टरच्या सुट्टीत दोघं मिळून करू म्हणाला, व्हिडिओ बघून ठेवले होते. मला मोह झाला, खोटं नाही सांगत. पण ह्या कामाला क्रँक लॉक करायचं टूल लागतं, कॅमची पिन लागते, टॉर्क रेंच आणि अँगल गेज लागतो, शेवटी लॅपटॉप लावून टॉर्शन व्हॅल्यू (कॅम आणि क्रँक किती अचूक जुळलेत त्याचा आकडा) बघावी लागते, आणि मधे काही अडलं तर गाडी दारात उघडी पडून राहणार. तारीख अंगावर असताना असलं काम घरी करू नये असं माझं मत आहे, आजही.

मग गॅरेज. तीन ठिकाणी विचारलं.

पहिल्याने नुसता बेल्ट ३४० पौंड सांगितला. रोलर? "बघू, खराब असतील तर." दुसऱ्याने बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर), आयडलर (बेल्टला वाट देणारा रोलर), पंप मिळून ५६० सांगितले पण बोल्ट आणि कूलंटबद्दल विचारलं तर नीट उत्तर नाही. तिसरा फोक्सवॅगनचीच कामं करणारा स्वतंत्र गॅरेजवाला, पन्नाशीचा माणूस, त्याने किट, पंप, नवे बोल्ट आणि नवं कूलंट धरून ५९० सांगितले आणि वर एक वेगळी यादी दिली, "हे मी उघडल्यावर बघीन, फोन करीन, मग तुम्ही ठरवा." त्या यादीत पुढचं क्रँकचं ऑइल सील ३५, बाहेरचा बेल्ट (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा) त्याच्या टेन्शनरसकट ११०, अल्टरनेटरची पुली ९५, वरचं कव्हर काढून कॅमशाफ्ट बघायचं ३०, क्रँकची डँपर पुली (बाहेरचा बेल्ट हिच्यावरून फिरतो) १२०, थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) ६०. सगळं केलं तर १,०४० पौंड. दादाने मनाशी ८०० ची मर्यादा धरली होती.

आम्ही तिसऱ्याकडे गेलो. ३४० आणि ५९० मधला फरक मोठा वाटतो पण ह्या कामात खरा पैसा मजुरीचा असतो. पंप बदलायचा तर बेल्ट काढावाच लागतो, म्हणजे आज नुसता बेल्ट टाकून सहा महिन्यांनी पंपासाठी परत गेलं तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायची, आणि वर नवा बेल्ट कूलंटने भिजलेला असणार तो पण फेकायचा.

एकेक पार्ट कसा ठरवला

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही तिघांनी ती यादी घेतली. दादाचा प्रश्न सारखा एकच, "हे जुनं झालंय का?" १७ वर्षांच्या गाडीत जुनं काय नाही, त्या प्रश्नाने काहीच ठरत नव्हतं. मग मी म्हटलं प्रत्येक पार्टला वेगळे प्रश्न विचारू, हा गेला तर इंजिन घेऊन जाईल का, ह्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा हेच सगळं खोलावं लागेल का, आणि आत्ता बघून किंवा हाताने फिरवून त्याची तब्येत कळते का.

टेन्शनर आणि आयडलरवर चर्चाच नको होती. बेल्टइतकेच महत्त्वाचे, त्यांचं बेअरिंग जाम झालं तर तोच परिणाम, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. पंप तर पाझरतच होता.

बोल्टवर दादा अडला, "बोल्ट कशाला नवे, लोखंडच आहे ना." काही बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला आवळून मग वर आणखी ९० अंश फिरवायचे असतात, त्यात तो बोल्ट मुद्दाम थोडा ताणला जातो, त्या ताणानेच तो धरून ठेवतो. एकदा ताणलेला बोल्ट परत वापरला तर तशी पकड मिळेल याची खात्री नाही. क्रँकच्या दातेरी पुलीचा मधला बोल्ट असाच, १२० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. काही पौंडांचा प्रश्न आहे, इथे काटकसर करायची नसते.

कॅमशाफ्ट बघायचे ३० पौंड मी आग्रहाने घालायला लावले. ह्या पीडी जातीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबतो, त्यामुळे कॅमवर भार खूप असतो आणि चुकीचं ऑइल घातलं गेलं असेल तर लोब (कॅमवरचे उंचवटे) झिजतात, हा ह्या इंजिनाचा माहितीतला आजार आहे. झिजलेला निघाला तर कॅम बदलायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. म्हणजे बघायचं असेल तर नवा बेल्ट बसवायच्या आधी, नंतर नाही. सुदैवाने जुन्या बिलांवर प्रत्येक वेळी ५०५०१ ग्रेडचं ऑइल लिहिलेलं होतं, जे ह्या इंजिनाला हवं तेच.

अल्टरनेटरची पुली वहिनीमुळे यादीत वर आली. ती म्हणाली, गाडी बंद करताना शेवटी एक खडखड येते, वर्षभर झालं, दादाला कधी ऐकूच आली नाही. ह्या पुलीत एक क्लच असतो, एका दिशेला मोकळी फिरते आणि दुसऱ्या दिशेला धरते, इंजिनाचे हिसके बाहेरच्या बेल्टपर्यंत पोचू नयेत म्हणून. कॅम्परमधे एकाच अल्टरनेटरवर दोन बॅटऱ्या चार्ज होतात त्यामुळे तिला काम पण जास्त. आम्ही ठरवलं, हाताने फिरवून बघा, दोन्हीकडे धरत असेल तर बदला.

राहिले डँपर पुली आणि थर्मोस्टॅट. ८०० च्या आत बसायचं तर काहीतरी सोडावंच लागणार होतं. थर्मोस्टॅट बेल्टच्या कव्हरच्या आत नाही, बाजूला ब्लॉकवर आहे, कधीही वेगळा बदलता येतो, म्हणून सोडला. माझाच सल्ला होता तो. डँपरचं म्हटलं उघडल्यावर बघू.

प्रत्यक्ष काम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतली, ट्रिपच्या पाच आठवडे आधी. गॅरेजवाल्याने कॅम्पर म्हणून तीन गोष्टी आधीच विचारल्या आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पाण्याची टाकी रिकामी करून आणा, लिफ्टवर वजन नको. गॅसचं सिलिंडर घरी ठेवून या. आणि रात्री आत गरम ठेवणारा हीटर कूलंटच्या पाइपला जोडलाय की नुसता हवेचा आहे? दादाला माहीत नव्हतं. सीटखाली बघितलं तर डिझेलवर चालणारा हवेचा निघाला, कूलंटशी संबंध नाही. जोडलेला असता तर कूलंट भरताना त्या पाइपात हवा अडकते, वेगळी काढावी लागते.

दुपारी फोन आला. जुना पंप काढल्यावर त्याच्यावर फोक्सवॅगन-आऊडीचा ओरिजिनल शिक्का आणि २००७ साल निघालं. म्हणजे २०१६ मधे "किट" म्हणून जे बदललं होतं त्यात पंप नव्हता, हा कारखान्यातून आलेला पहिलाच पंप, १७ वर्षं चाललेला. शाफ्टला हाताने हलवलं तर खेळ जाणवत होता. आयडलर फिरवला की कोरडी घरघर येत होती. आणि गंमत म्हणजे बेल्ट वरून एकदम चांगला दिसत होता, ना तडा ना धागा सुटलेला. नुसता बेल्ट बघून ठरवलं असतं तर "अजून चालेल" असंच कोणीही म्हणालं असतं.

पुढचे निर्णय फोनवरच झाले, त्याने फोटो पाठवले. क्रँकच्या सीलखाली ओल होती, ऑइल बेल्टवर गेलं तर नवा बेल्ट खराब होतो, म्हणून सील बदलायला हो म्हटलं. कॅमचं सील पूर्ण कोरडं होतं. दादा म्हणाला आता एवढं उघडलंय तर ते पण टाका. मेकॅनिक म्हणाला मी नको म्हणेन, कोरडं सील नीट बसलेलं असतं, नवं बसवताना शाफ्टला चरा पडला तर नसलेली गळती सुरू होईल. मला ते पटलं, सोडलं. कॅमचे लोब स्वच्छ, कडा शाबूत. अल्टरनेटरची पुली दोन्ही बाजूला धरत होती, म्हणजे अडकलेलीच, बदलली. बाहेरचा बेल्ट २५ पौंडांत नवा टाकला पण त्याचा टेन्शनर मऊ आणि सरळ फिरत होता म्हणून ठेवला.

डँपर पुलीवर मी दहा मिनिटं अडकलो. तिच्यात मधला भाग आणि बाहेरची कडा यांच्यामधे रबर असतं. रबरावर बारीक सुरकुत्या होत्या पण कुठे सुटलेलं नव्हतं. शेवटी ठेवली. मेकॅनिकने मधल्या भागावरून बाहेरच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून दिली, रबर सरकायला लागलं तर रेघ तुटलेली दिसेल.

सगळं बसवल्यावर त्याने इंजिन पान्ह्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघितलं, मगच स्टार्टर मारला. लॅपटॉपवर टॉर्शन व्हॅल्यू शून्याच्या जवळ आणली. बिल ७७५ पौंड, आणि दादाच्या सांगण्यावरून प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत लिहिलेला, जुने पार्ट डब्यात घालून परत.

पुढे काय झालं

ट्रिपच्या आधी त्यांनी मुद्दाम ३०० मैल चालवून घेतली, वहिनीच्या डायरीत कूलंटची पातळी चार रविवार जागची हलली नाही. बंद करतानाची खडखड गेली, गाडी बंद होताना इतकी शांत असते हे दादाला तेव्हा कळलं.

मे मधे ट्रिप झाली. आई-बाबांनी ॲपलक्रॉसला जाताना बेलाख ना बा घाट बघितला, ६२६ मीटर उंची, बाबा म्हणाले यवतेश्वरच्या घाटापेक्षा वळणं कठीण आहेत. इंजिनाने काही त्रास दिला नाही. पण त्याच घाटाच्या उतारावर वहिनीने तापमानाचा काटा ९० वरून ७० च्या जवळ उतरलेला बघितला. ह्या गाड्यांचा काटा साधारणपणे ९० वर खिळलेला असतो, तो खाली येतो म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. धोका काही नाही, पण हीटर कोमट आणि डिझेल जास्त खातं, आणि मे मधे पण तिकडे रात्री ४-५ डिग्री असतात. सकाळी गाडी चालू करून गरम व्हायची वाट बघत आई शाल गुंडाळून बसलेल्या असायच्या, ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

परत आल्यावर थर्मोस्टॅट बदलला, १६५ पौंड. एप्रिलमधे हाच ६० ला होत होता. फरक सगळा कूलंटचा आणि मजुरीचा, दोन महिन्यांपूर्वी भरलेलं नवंकोरं कूलंट काढून परत नवं भरावं लागलं.

आता परत करायचं झालं तर

थर्मोस्टॅटची चूक माझी. मी फक्त बेल्टच्या कव्हरच्या आत काय आहे एवढंच मोजत होतो. पण पंप बदलायचा म्हणून त्या दिवशी कूलंट पण रिकामं झालं होतं, म्हणजे प्रत्यक्षात एकाच वेळी दोन कामं उघडली होती, बेल्टचं आणि कूलंटचं. दुसऱ्या कामातले पार्ट मी यादीत नीट बघितलेच नाहीत. थर्मोस्टॅट आणि विस्तार टाकीचं झाकण, दोन्ही त्याच दिवशी व्हायला हवे होते. एकट्या थर्मोस्टॅटने दादाची ८०० ची मर्यादा ३५ पौंडांनी मोडली असती तरी मी आग्रह धरायला हवा होता.

गाडी घेताना २०२१ मधे बिलावरच्या "किट" ह्या शब्दावर आम्ही तिघंही थांबलो नाही, ते पण चुकलं. किटमधे पंप आहे की नाही हे दुकानागणिक बदलतं. पंप वेगळा लिहिलेला नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चालावं. त्या वेळी विचारलं असतं तर भाव करताना पाचशे पौंड तरी कमी करून घेता आले असते.

कॅमचं सील न बदलण्याचा निर्णय मी परत तसाच घेईन, दीड वर्षाने पण ते कोरडं आहे. अल्टरनेटरच्या पुलीबद्दल तर वहिनीचं आधीच ऐकायला हवं होतं. गाडीत रोज बसणाऱ्या माणसाला जो आवाज खटकतो तो गॅरेजमधे वीस मिनिटांत कोणाला ऐकू येत नाही.

डँपर पुलीवर मात्र माझं आणि मेकॅनिकचं अजून एकमत होत नाही. मेकॅनिक म्हणतो चांगला पार्ट काढून फेकायचा नसतो. मला वाटतं ती तशीही हातात काढलेलीच होती, मजुरी शून्य, १७ वर्षांचं रबर, बदलून टाकायला हवी होती, कारण रबर सुटलं तर बाहेरचा बेल्ट उडतो आणि त्याचा तुकडा टायमिंगच्या कव्हरमधे शिरला तर आपण ज्यासाठी एवढे पैसे घातले तेच जातं. दादा आता दर सर्व्हिसला गाडीखाली वाकून ती पांढरी रेघ बघतो आणि मला फोटो पाठवतो. शेवटचा फोटो ऑगस्ट २०२५ मधला, १,२४,००० मैलांवर. रेघ सरळ आहे. नवी पुली वहिनीने तरीही मागवून ठेवलीय, सीटखालच्या खोक्यात, पुढच्या सर्व्हिसला टाकायला.